आयर्विनला किती आलं?

जुलै-ऑगस्टात सांगलीत भेटणाऱ्या दोन माणसांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : 'आयर्विनला किती आलं?' उत्तर फुटांत मिळतं आणि त्या आकड्यावर पुढचं सगळं ठरतं. दुकानातला माल माळ्यावर चढवायचा का, जनावरं सोडून कुठं न्यायची, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच पाहुण्यांकडं पोचवायचं की उद्यापर्यंत थांबायचं. १९२९ साली कृष्णेवर झालेल्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. या प्रश्नाला चिकटूनच दुसरा येतो : 'कोयनेतून किती सोडलंय?' सातारा जिल्ह्यात पाटणच्या डोंगरांत अडवलेलं पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि वाळवा, पलूस करत सांगलीच्या दारात येतं, म्हणून.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं आता फोनवर येतात, बहुतेक वेळा एका तक्त्यातून. डावीकडं धरणांची नावं : कोयना, वारणा, धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी. मग पूर्ण साठ्याची पातळी, आजची पातळी, साठवणक्षमता (कोयनेची १०५.२५ टीएमसी, वारणेची ३४.४०, धोमची १३.५०), आजचा साठा, टक्केवारी, आजचा पाऊस, एकूण पाऊस आणि सगळ्यात शेवटी, उजव्या कडेला, क्युसेकमधला विसर्ग. ए-फोर आकाराच्या कागदावर हा तक्ता चोख दिसतो. कागद २१ सेंटिमीटर रुंद, फोनचा पडदा जेमतेम ७. म्हणजे कागद पडद्यावर बसवला की सगळं एक तृतीयांश होतं. १० पॉइंटचं अक्षर साडेतीन पॉइंटांच्याही खाली जातं. मग वाचणारा दोन बोटांनी चित्र ताणतो, उजवीकडं सरकतो आणि विसर्गाच्या रकान्यापर्यंत पोचतो. तोवर डावीकडचं धरणाचं नाव पडद्याबाहेर गेलेलं असतं. एका पावसाळ्यात, रात्री, वीज गेलेली असताना, मी वारणेचा आकडा कोयनेचा समजून वाचला आणि घरच्यांना तोच सांगितला. चूक पाच मिनिटांत लक्षात आली. पण वेबची पानं मांडणं हेच माझं काम असल्यामुळं ती मनातून गेली नाही. आकडे अचूक होते, भरणाऱ्यानं ते मन लावून भरले होते, फक्त ज्या पडद्यावर ते वाचले जाणार त्याचा विचार त्या मांडणीत कुठंच नव्हता.

पानाची मांडणी आधी पक्की करायची आणि मग ती जगाला द्यायची, ही सवय आपल्याला छपाईनं लावली. तिची फार सुंदर खूण आमच्याच जिल्ह्यात आहे. मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांनी १८०५ साली भगवद्गीता छापून घेतली, तांब्याच्या पत्र्यांवर कोरून. पुण्यात नाना फडणविसांच्या काळात कोरीव काम शिकलेला एक तांबट त्यासाठी मिरजेला आला होता. पत्र्यावर एकदा ओळ कोरली की ती तिथंच. अक्षर मोठं करायचं, ओळ लहान करायची, तर नवा पत्रा घ्यायचा. त्याच १८०५ साली तिकडं बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं, तेही देवनागरीत, पण सुट्या खिळ्यांनी. तिथं अक्षर न् अक्षर वेगळं होतं; उद्या पान अरुंद झालं तरी तेच खिळे नव्या ओळींत बसू शकत होते. पूरतक्त्याचं चित्र किंवा पीडीएफ हा मिरजेचा तांब्याचा पत्रा आहे. वेबचं पान मुळात सुट्या खिळ्यांचं. १९९१मधली अगदी पहिली वेबपानं उघडून खिडकी लहान केली तर ओळी आपोआप मोडून खाली येतात; कुणी काही वेगळं केलेलं नसतं. पानाला लवचीकपणा आपण द्यावा लागत नाही, तो आधीपासून असतो. आपण फक्त तो घालवू शकतो.

आणि तो बरीच वर्षं घालवलाही गेला. संगणकाचे पडदे साधारण सारख्या मापाचे होते तेव्हा रुंदी ८०० किंवा ९६० पिक्सेल अशी ठरवून टाकायची आणि त्यात तीन रकाने आखायचे, हा धंद्याचा रिवाज झाला. जॉन ऑलसॉप या ऑस्ट्रेलियन लेखकानं २००० साली एका लेखात सांगितलं होतं की कागदावर मांडणाऱ्याला जे नियंत्रण मिळतं ती कागदाची मर्यादा आहे, वेबनं तिची नक्कल करू नये. फार थोड्यांनी ऐकलं. २००७मध्ये आयफोन आला तेव्हा त्याच्या पडद्याची रुंदी ३२० पिक्सेल होती आणि सगळी वेबपानं त्याच्या तिप्पट रुंद. ॲपलनं तोडगा काढला तो असा की फोननं पानाला खोटंच सांगायचं, 'माझी रुंदी ९८०.' पान त्या मापात मांडलं जाई, मग आख्खं आकसून पडद्यावर येई. आजही पानाच्या शीर्षभागात 'खरी रुंदी धर' असं सांगणारी एक ओळ, तिला व्ह्यूपोर्टची ओळ म्हणतात, लिहायची राहिली तर प्रत्येक फोन हेच करतो. बाकीची सगळी मेहनत त्या एका ओळीवाचून वाया जाते.

२५ मे २०१० रोजी ईथन मार्कॉट यांनी तीन जुन्या गोष्टी एकत्र बांधून त्यांना 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' हे नाव दिलं. रकान्यांची रुंदी पिक्सेलमध्ये न सांगता टक्क्यांत सांगायची. चित्रांना सांगायचं की ज्या चौकटीत आहात तिच्याबाहेर जायचं नाही. आणि तिसरं, मीडिया क्वेरी : रुंदी अमुक असेल तर हे नियम, तमुक असेल तर ते. यातल्या पहिल्या दोन गोष्टींचं काम मला लुगड्यासारखं वाटतं. लुगडं शिवलेलं नसतं, म्हणून ते सासूला आणि सुनेला, दोघींनाही बसतं. निऱ्या कमी-जास्त होतात, कापड तेच राहतं. चोळी मात्र मापानं शिवावी लागते. चांगलं पान बहुतांशी लुगडं असावं, शिवण जिथं टाळताच येत नाही तेवढ्याच जागी असावी.

शिवण कुठं घालायची, यावर नवशिके फार अडतात. या फोनची रुंदी किती, त्या टॅबलेटची किती, अशी यादी करून प्रत्येकासाठी एक टप्पा ठरवतात. ती यादी कधी संपत नाही, दर दिवाळीला नवे फोन येतात. आधी पिक्सेलचा घोळ समजून घ्यावा. फोनच्या खोक्यावर रुंदी १०८० पिक्सेल लिहिलेली असते, पण त्यातले तीन-तीन ठिपके मिळून पानाच्या दृष्टीनं एक पिक्सेल होतो, म्हणून पानाला तो फोन ३६० रुंदीचा दिसतो. आपल्याकडचे असंख्य साधे अँड्रॉइड फोन याच मापाच्या आसपास आहेत. मी करतो ते एवढंच : पान ३६०वर चांगलं वाचता येईल असं मांडतो, मग खिडकी हळूहळू रुंद करत नेतो. जिथं ओळ नको तितकी लांब होते किंवा दोन गोष्टींच्या मधली जागा ओसाड दिसू लागते, तिथं थांबतो आणि टप्पा घालतो, मग तो ५४० असो की ७१०. एखाद्या कंपनीनं यंदा कुठलं माप काढलं यापेक्षा आपला मजकूर कुठं विस्कटतो, हे पाहणं जास्त टिकतं.

पुष्कळदा तेवढ्याचीही गरज नसते. २०१७मध्ये सगळ्या मोठ्या ब्राउझरांत सीएसएस ग्रिड आली आणि आता पानाला थेट सांगता येतं, 'प्रत्येक कप्पा किमान २८० पिक्सेलचा असू दे, मावतील तितके कप्पे एका ओळीत घे, उरलेली जागा सगळ्यांत सारखी वाट.' फोनवर एक कप्पा मावतो, लॅपटॉपवर चार मावतात. टप्पा एकही लिहावा लागत नाही. पंगतीत पाट मांडणाऱ्याला जे न सांगता कळतं, ते यंत्राला एका ओळीत सांगता यावं, याचा आनंद मला अजून वाटतो.

सलग मजकुराचं पान त्यातल्या त्यात सोपं. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली ज्या मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं, त्याचे वीस खंड आता फोनवर वाचता येतात. छापील खंडाच्या पानावर मजकूर दोन रकान्यांत असतो आणि ते योग्यच आहे. पान रुंद, अक्षर बारीक, तेव्हा ओळ छोटी केली नाही तर डोळा एका टोकाहून परतताना चुकीच्या ओळीवर उतरतो. एका ओळीत ४५ ते ७५ अक्षरं बरी, असा मुद्रकांचा जुना ठोकताळा आहे. पण तेच दोन रकाने पडद्यावर आणले तर वाचकाला डावा रकाना संपेपर्यंत खाली जावं लागतं, मग पुन्हा पार वर येऊन उजवा रकाना धरावा लागतो. कागदाचं पान एका नजरेत मावतं, पडद्याचं मावत नाही. म्हणून मोठ्या पडद्यावरही एकच रकाना ठेवावा, त्याची रुंदी अक्षरांच्या हिशेबानं मर्यादित करावी आणि दोन्ही बाजूंना मोकळं सोडावं. 'एवढी जागा रिकामी का?' असं काम देणारे हमखास विचारतात. त्यांना मी समास नसलेलं पुस्तक डोळ्यांपुढं आणायला सांगतो.

आपल्या लिपीच्या गरजा इथं वेगळ्या आहेत आणि इंग्रजीसाठी बनवलेल्या साच्यांत त्या धरलेल्या नसतात. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. दोन ओळींमध्ये इंग्रजीइतकंच अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी ओळीची उंची हवी, मी बहुतेक वेळा १.७ घेतो. मराठी शब्दही प्रत्यय घेत वाढतात : 'जिल्हाधिकाऱ्यांच्या', 'पाणलोटक्षेत्रातल्या'. ३६०च्या पडद्यावर मोठ्या अक्षरांतल्या मथळ्यात असा एक शब्द आख्खी ओळ खातो, कधी कडेबाहेरही जातो. म्हणून मथळ्याचं अक्षर पडद्याच्या रुंदीबरोबर कमी-जास्त होईल असं ठेवायचं आणि बटणावरचा शब्द दोन ओळींत मोडला तरी बटण फाटणार नाही, एवढी ऐस त्याला द्यायची. त्यात कितीतरी वडीलधारी माणसं फोनमधलं अक्षर मोठं करून ठेवतात. त्यांच्या लेखी ३६०चा पडदा आणखी अरुंद झालेला असतो. वेबच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्या २०१८च्या आवृत्तीत म्हटलं आहे की ३२० पिक्सेल रुंदीतही वाचकाला आडवं सरकवावं लागू नये. हा आकडा कमी दिसणाऱ्या माणसाचा विचार करून आला : १२८० रुंदीच्या पडद्यावर त्यानं सगळं चौपट मोठं केलं की त्याच्यासाठी उरते ती रुंदी ३२०.

त्या निकषाला एक सूट आहे, आणि ती आहे नकाशांना आणि आकड्यांच्या तक्त्यांना. नियम करणाऱ्यांनाही तक्त्यापुढं थांबावं लागलं. तक्त्याला आडवा आणि उभा असे दोन्ही अर्थ असतात. ओळ मोडली की एक अर्थ तुटतो. म्हणूनच मी पुराचा तक्ता घेऊन बसलो, कुणी सांगितलेलं काम म्हणून नव्हे.

पहिल्यांदा मी सोपा मार्ग घेतला : तक्ता आडवा सरकू द्यायचा, पण धरणाच्या नावाचा डावा रकाना जागेवर खिळवून ठेवायचा. माझ्या हातून झालेली चूक यात होणार नाही, नाव कायम समोर राहतं. पाटबंधाऱ्याच्या अभियंत्याला हे पुरतं, कारण त्याला सगळे रकाने हवे असतात. पण 'कोयनेतून किती सोडलंय?' विचारणाऱ्याला मधले सात रकाने ओलांडायला का लावायचं? मग दुसरी तऱ्हा : अरुंद पडद्यावर तक्त्याची प्रत्येक ओळ सुटी करून तिचं एक कार्ड करायचं. वर 'कोयना', खाली मोठ्या अक्षरात विसर्ग, त्याखाली साठा आणि टक्केवारी, बाकीचं 'आणखी' म्हणून मिटलेलं. पडदा रुंद झाला की तीच माहिती पुन्हा तक्ता होते. माहिती एकदाच लिहायची, रूपं दोन.

हीच तऱ्हा मी उत्साहानं हळदीच्या दरांना लावून पाहिली आणि फसलो. सांगलीच्या बाजार समितीतल्या सौद्यांचे दर पाहणाऱ्या शेतकऱ्याला एकटी सांगली नको असते. वसमत, हिंगोली, नांदेडला काय निघालं, हे शेजारी ठेवून तो माल काढायचा की ठेवायचा ते ठरवतो. बाजारागणिक कार्ड केलं की एक दर मनात धरून दुसऱ्यापर्यंत सरकावं लागतं. चौथ्या कार्डाला पहिला आकडा विसरलेला असतो. इथं तक्ताच हवा. फक्त आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर हे चारही रकाने फोनवर मावत नाहीत. तेव्हा तीन ठेवले : बाजार, आवक, सर्वसाधारण दर. कमीत कमी आणि जास्तीत जास्त दर त्याच घरात खाली, दुसऱ्या ओळीत, लहान अक्षरांत गेले. आकडे उजव्या कडेला लावले, म्हणजे एकम् खाली एकम् आणि शतम् खाली शतम् येतं आणि मोठा दर न वाचताही नजरेला कळतो. तेव्हापासून मांडणी निवडताना पडद्याच्या मापाआधी मी वाचकाचा प्रश्न कागदावर लिहून काढतो. 'इथं किती?' असा प्रश्न असेल तर कार्ड. 'कुठं जास्त?' असा असेल तर तक्ता.

दुसरा निर्णय क्रमाचा. रुंद पडद्यावर चार गोष्टी शेजारी असतात, वाचक हवं तिथून सुरुवात करतो. अरुंद पडद्यावर रकाने एकाखाली एक उतरतात आणि कुणीतरी पहिलं, कुणीतरी शेवटचं होतंच. यंत्रावर सोडलं तर आधी चिन्ह, मग मोठं छायाचित्र, मग स्वागत आणि आकडा पार तळाशी. पुलांपाशीच्या पाणीपातळीचीही अशीच कार्डं लावताना मी आधी नावं अकारविल्हे लावली होती. शेजारच्या एका काकांना दाखवलं, तर ते गोंधळून म्हणाले, "आयर्विन भिलवडीच्या खाली पायजे की." बरोबर होतं. कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, मग आयर्विन, पुढं अंकली, म्हैसाळ. फोनचा उभा, लांब पडदा नदीसारखाच वरून खाली वाहतो. नदीच्या क्रमानं लावल्यावर सांगलीचा माणूस वरची दोन-तीन कार्डं पाहून आपल्याकडं काय येणार ते समजू लागतो. शेजारी शेजारी मांडलेल्या रुंद पानावर हे इतकं स्पष्ट दिसलं नसतं. अरुंदपणानं इथं काही हिरावलं नाही, उलट दिलं.

फोनवर गर्दी झाली की काही गोष्टी लपवून टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. लपवलेलं चित्र पडद्यावर दिसलं नाही तरी बहुतेक वेळा फोनवर उतरतंच, डेटा जातोच. पुरात मोबाइलचे मनोरे बंद पडू लागतात, एका मनोऱ्यावर निम्मा तालुका येतो. तेव्हा दोन एमबीचं पान आणि वीस केबीचं पान यांत पोचणं आणि न पोचणं एवढा फरक पडतो. आकडे मजकूर म्हणून लिहिले तर सगळ्या धरणांचा तक्ता काही केबींत बसतो, त्याचं छायाचित्र त्याच्या कित्येक पट होतं. शिवाय मजकूर असेल तरच न दिसणाऱ्या माणसाला त्याचा फोन तो वाचून दाखवू शकतो. चित्रातले आकडे त्याच्यासाठी नसल्यासारखेच. जुन्या, युनिकोडआधीच्या फाँटांत टंकलेला मजकूर फोनवर फुटतो म्हणून अनेक कचेऱ्या आजही चित्र पाठवतात. ती अडचण खरी आहे, पण तिच्यावरचा इलाज युनिकोडमध्ये लिहिणं हाच आहे.

पान कुठं तपासायचं, यावरही माझा आग्रह आहे. मोठ्या पडद्यावर खिडकी लहान करून पाहणं ही सुरुवात झाली. नंतर तेच पान साध्या फोनवर, तासगावच्या बागेत दुपारच्या उन्हात उघडावं. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षर तिथं नाहीसं होतं. वैरणीचा भारा आणि रेनकोट सांभाळत एका अंगठ्यानं दाबून पाहावं. ४४ पिक्सेलपेक्षा लहान बटण दोनदा चुकतं.

माझ्या कार्डांत वेळ अगदी शेवटी, तळाच्या कोपऱ्यात होती, जशी ती तक्त्याच्या डोक्यावर कुठंतरी असते तशीच. मग लक्षात आलं की पाण्याचा आकडा कुणी दुवा म्हणून पाठवत नाही. लोक पडद्याचा फोटो घेतात आणि भावकीच्या ग्रुपवर टाकतात. तिथून तो मावशीकडं, मावशीकडून मुंबईच्या भावाकडं जातो, आणि सकाळी सहाचे ३८ फूट रात्री नऊला कुणालातरी आत्ताचे वाटतात. लोकांची ती सवय मोडायची नाही, तिला धरूनच मांडायचं, असं ठरवलं. आता पुलाचं नाव, फूट-इंच, पाणी चढतंय की उतरतंय, आणि तारीख-वेळ ही चार एकमेकांना इतकी लगटून आहेत की कसाही फोटो काढला, कडा कापल्या, तरी आकड्याबरोबर वेळ जातेच. तिच्यासाठी चढ-उताराचा बाण थोडा लहान करावा लागला.